हरळीची मुळे : मेंदूतील अर्बुद आणि प्रथिनांचे कार्य



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी मला आठवीपासून दहावीपर्यंत शास्त्र शिकविले. निमंत्रणपत्रिकेवर त्यांचे नाव छापलेले आहेच. आम्ही मुले त्यांना नुसते ‘सर’ म्हणत असू, आणि आजही मी तोच शब्द वापरणार आहे. मी शल्यचिकित्सक नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींच्या पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान लिहिणारा विकृतिशास्त्रज्ञ आहे. त्यामुळे रुग्ण मला क्वचित भेटतो. भेटते ती त्याच्या गाठीची काचपट्टी. सरांच्या बाबतीत दोघांचीही भेट झाली.

२०१७ साली सरांचे शब्द हरवू लागले. ज्यांच्या बोटांना आयुष्यभर खडू लागलेला, त्यांना ‘खडू’ हा शब्द आठवेना. ‘ते पांढरे, लिहायचे’ असे ते म्हणू लागले. काकूंना वाटले, वय झाले. पुढे डोकेदुखी वाढली, तपासणी झाली आणि डाव्या कानशिलाच्या आतील बाजूस मेंदूत गाठ दिसली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. नंतरच्या चित्रात गाठीचा मागमूस नव्हता. किरणोपचार झाले, गोळ्या सुरू झाल्या, आणि सातव्या महिन्यात त्याच जागेच्या कडेला नवी गाठ उभी राहिली. मी भेटायला गेलो तेव्हा सरांनी, बऱ्याच दिवसांनी, एक अख्खे वाक्य उच्चारले : “अरे, सगळी काढली म्हणालात ना? मग ही उगवली कुठून?”

मी म्हणालो, “सर, पुढच्या खेपेस नीट समजावून सांगतो.” पुढच्या खेपेस त्यांना भाषा कळत नव्हती. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे राहून गेलेले उत्तर होय. ते मी यथामती देणार आहे.

प्रथम गाठीचे कूळ पाहू. आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत, आणि जवळजवळ तितक्याच इतर पेशी त्यांच्या सेवेस आहेत. या सेवेकरी पेशींपैकी बहुतेकांना ‘ग्लिया’ म्हणतात. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सरस, म्हणजे चिकटविण्याचा पदार्थ. एकोणिसाव्या शतकातील पंडितांना त्या केवळ भरावासारख्या वाटल्या होत्या. प्रत्यक्षात चेतापेशींना पोषण पुरविणे, त्यांच्या तंतूंवर वेष्टन चढविणे, जखम भरून काढणे अशी कामे त्या करतात. चेतापेशी एकदा घडली की सहसा विभागत नाही. ग्लिया आणि तिच्या जनक पेशी विभागू शकतात. म्हणूनच मेंदूत उद्भवणाऱ्या घातक अर्बुदांपैकी बहुसंख्य अर्बुदे या कुळातील, म्हणजे ग्लिओमा असतात, आणि त्यांतील सर्वांत उग्र प्रकार ग्लिओब्लास्टोमा. १९२६ साली पर्सिव्हल बेली आणि हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी या अर्बुदांचे जे वर्गीकरण केले, त्याच्या खुणा आजच्या नावांतही टिकून आहेत.

सरांचा प्रश्न त्या पिढीलाही पडला होता, आणि तिने त्याचे उत्तर सुरीने शोधले. १९२८ साली वॉल्टर डँडी यांनी काही रुग्णांचा उजवा संपूर्ण मेंदुगोलार्ध काढून टाकला. त्या रुग्णांचे एक अंग अर्बुदामुळे आधीच लुळे पडले होते. अर्धा मेंदू गेला तरी चालेल, पण रोगाचे मूळ उरता कामा नये, असा तो विचार. या शस्त्रक्रियेचे धाडस आजही थक्क करते. तरीही रोग उरलेल्या बाजूस पुन्हा दिसला. दहा वर्षांनी, १९३८ साली, हान्स शेरर या विकृतिशास्त्रज्ञाने अशा मेंदूंचे बारकाईने निरीक्षण करून यामागील कारण दाखविले. अर्बुदाच्या पेशी गाठीपाशी थांबत नाहीत. त्या रक्तवाहिन्यांच्या कडेने, मेंदूच्या पृष्ठभागालगत, चेतापेशींभोवती आणि शुभ्र तंतूंच्या जुड्यांमधून एकेकट्या दूरवर गेलेल्या असतात. दोन गोलार्धांना जोडणारा तंतूंचा पूल हा तर त्यांचा राजमार्ग.

माझ्या बरोबरीच्या विद्यार्थ्यांना शाळेमागची बाग आठवत असेल. शनिवारी सर आम्हाला हरळी काढायला लावीत. आम्ही वरचे पाते ओढून ढीग दाखवीत असू, आणि सर मातीतले कांडे बोटाने उकरून दाखवीत : वाफ्याच्या एका टोकाला दिसणारी हरळी जमिनीखालून दुसऱ्या टोकाला पोहोचलेली असे. ग्लिओब्लास्टोमाचा वाफा तसाच असतो. चित्रात दिसते ते पाते. शस्त्रक्रियेच्या दिवशीच कांडी पसरलेली असतात, आणि ज्या ऊतीत ती पसरलेली असतात त्या ऊतीने रुग्ण बोलतो, चालतो, नातवंडांना ओळखतो. वाफा खणून टाकता येत नाही.

येथपर्यंतचे उत्तर शरीररचनेचे झाले. पण पेशी विभागते कशी, चालते कशी, आणि दाट विणलेल्या मेंदूतून वाट काढते कशी, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर प्रथिनांत आहे.

प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ आणि दूध आठवते. १८३८ साली ‘प्रोटीन’ हे नाव रूढ झाले ते ग्रीकमधील ‘प्रथम स्थानी असलेले’ या अर्थाच्या शब्दावरून. आपल्या ‘प्रथिन’ शब्दातही ‘प्रथम’ ऐकू येतो. वीस प्रकारची अमिनो आम्ले एका ओळीत गुंफून शेकडो अक्षरांचा शब्द तयार व्हावा आणि त्या शब्दाने स्वतःच घडी घालून एखाद्या हत्याराचा आकार घ्यावा, असे प्रथिनाचे स्वरूप असते. कोणते प्रथिन कात्रीचे काम करते, कोणते कुलपाचे, कोणते दोराचे, कोणते निरोप्याचे. मानवी जनुकसंचात अशा प्रथिनांचे सुमारे २०,००० मूळ आराखडे आहेत आणि ते जवळजवळ प्रत्येक पेशीत असतात. कोणता केव्हा उघडावा एवढाच पेशीपेशींतला फरक.

आता मुख्य मुद्दा सांगतो, म्हणजे पुढचे दुवे जुळतील. अर्बुदापाशी स्वतःची अशी शस्त्रे जवळजवळ नसतात. जंतू परके असतात. त्यांची प्रथिने आपल्यापेक्षा वेगळी असल्यामुळे पेनिसिलीनसारखे औषध नेमके त्यांच्यावर चालते. अर्बुद ज्या प्रथिनांच्या बळावर वाढते आणि पसरते, ती बहुतेक आपलीच असतात : गर्भ घडविणारी, जखम भरणारी, इतकेच काय, धडा पाठ करताना कामी येणारी. ती वेळ सोडून आणि प्रमाण सोडून वापरली जातात, एवढेच. त्यामुळे शत्रूवर नेम धरला की मागे आपले घर दिसते.

वाढीचे उदाहरण घेऊ. स्टॅन्ली कोहेन हे अमेरिकन जीवरसायनतज्ज्ञ उंदरांच्या लालाग्रंथीचा अर्क नवजात उंदरांना टोचीत होते. शोध दुसऱ्याच पदार्थाचा चालला होता. त्यांना दिसले की त्या पिल्लांचे डोळे नेहमीपेक्षा कित्येक दिवस आधी उघडतात आणि दातही लवकर येतात. दुसऱ्या एखाद्याने हे सोडून दिले असते. कोहेन यांनी अर्कातून ते कारक प्रथिन वेगळे केले, १९६२ साली प्रसिद्ध केले, आणि १९८६ साली रिता लेव्ही-माँताल्चिनी यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे प्रथिन म्हणजे त्वचेच्या पेशींना ‘विभागा’ असा निरोप देणारा वृद्धिघटक. निरोप घेण्यासाठी पेशीच्या आवरणात दुसरे प्रथिन बसविलेले असते. त्याला ग्राही म्हणतात, आणि या विशिष्ट ग्राहीचे लघुनाम ईजीएफआर. त्याचे डोके पेशीबाहेर आणि पाय पेशीच्या आत असतात. बाहेर निरोप येऊन चिकटला की दोन ग्राही जवळ येतात, एकमेकांच्या पायांवर फॉस्फेटची खूण करतात, आणि ती खूण पाहून आतली प्रथिने एकामागून एक जागी होत विभाजनाची आज्ञा केंद्रकापर्यंत पोहोचवितात. दाराची घंटा वाजावी आणि घर जागे व्हावे, तसे.

ग्लिओब्लास्टोमाच्या सुमारे ४० टक्के रुग्णांत या ग्राहीच्या जनुकाच्या प्रती कित्येक पटींनी वाढलेल्या असतात. एका दाराला जणू शंभर घंटा. त्यांतील अनेकांत आणखी एक विकार असतो : ग्राहीच्या डोक्याकडील २६७ अमिनो आम्लांचा तुकडाच गळालेला असतो. असा मुंडका छाटलेला ग्राही निरोपाची वाट पाहत नाही. बटण न दाबता घंटा वाजत राहते. त्याच्या जोडीला आवर घालणारी प्रथिनेही गेलेली असतात. फॉस्फेटची खूण पुसणारे पीटेन नावाचे प्रथिन, आणि १९७९ साली शोध लागलेले पी-५३, जे जनुकद्रव्य बिघडलेल्या पेशीला थांबविते किंवा मरायला लावते, ही त्यांतील दोन नामांकित नावे. प्रवेगकावर पाय आणि गतिरोधक तुटलेला, असे हे वाहन असते.

ग्राही बंद करणाऱ्या गोळ्या निघाल्या. विशिष्ट प्रकारच्या फुप्फुसाच्या कर्करोगात त्यांनी चांगले काम केले. ग्लिओब्लास्टोमात त्या अपयशी ठरल्या. मुंडका छाटलेल्या ग्राहीविरुद्ध लसही तयार झाली. तो तुटका सांधा निरोगी शरीरात कोठेच नसतो. म्हणजे परका नसलेल्या शत्रूची एक तरी परकी खूण हाती आली होती. मोठी आशा होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत लसीने आयुष्य वाढले नाही. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की रोग उलटल्यावर अनेक गाठींमध्ये ती खूणच नाहीशी झालेली आढळली, आणि तीही लस दिलेल्या व न दिलेल्या अशा दोन्ही गटांत. एकाच गाठीत शेजारशेजारच्या पेशी वेगवेगळ्या ग्राहींवर विसंबलेल्या असतात. एक दार बंद केले तर दुसऱ्या दाराच्या पेशी पुढे येतात. काचपट्टीवर सारख्या दिसणाऱ्या या पेशी आतून अशा नाना मतांच्या असतात, हे माझ्या व्यवसायातील माणसाला मान्य करायला थोडा वेळ लागला.

रक्तपुरवठ्याची कथा थोडक्यात सांगतो. कोणतीही गाठ नव्या रक्तवाहिन्या ओढून घेतल्याखेरीज फार मोठी होऊ शकत नाही, असे जुडा फोकमन यांनी १९७१ साली मांडले. प्राणवायू कमी पडला की पेशीतील एक प्रथिन तो अभाव ओळखते (या यंत्रणेच्या शोधास २०१९ चे नोबेल मिळाले) आणि व्हीईजीएफ नावाचे दुसरे प्रथिन बाहेर धाडते. त्याच्या हाकेने रक्तवाहिन्यांना अंकुर फुटतात. गर्भात आणि जखमेत हेच घडते. ग्लिओब्लास्टोमात मात्र या वाहिन्या वेड्यावाकड्या, गळक्या होतात. त्यांतून पाझरलेल्या द्रवाने मेंदूला सूज येते. या प्रथिनाला पकडून ठेवणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध दिले की सूज उतरते, चित्र सुधारते, काही रुग्णांना खरोखर बरे वाटते. पण नव्याने निदान झालेल्या रुग्णांवरील दोन मोठ्या चाचण्यांत, ज्यांचे निष्कर्ष २०१४ साली आले, एकूण आयुष्य वाढले नाही. रक्तवाहिन्या नव्याने फुटल्या नाहीत तरी मेंदूत जुन्या वाहिन्यांचे जाळे दाट असतेच, आणि अर्बुदाच्या पेशी त्यांच्या कडेने सरकतात.

ही सरकण्याची क्रिया सरांच्या प्रश्नाच्या गाभ्याशी आहे. मेंदू हा मऊ असला तरी पोकळ नाही. पेशींच्या मधल्या जागेत शर्करायुक्त लांब रेणूंची आणि प्रथिनांची एक लुसलुशीत जाळी भरलेली असते. इतर अवयवांना ताठ ठेवणारे कोलॅजनचे दोर तेथे फारसे नसतात. म्हणूनच की काय, स्तनाचा किंवा आतड्याचा कर्करोग ज्या वाटेने जातो ती वाट ग्लिओमा धरत नाही. तो रक्तात शिरून यकृतात वा हाडात क्वचितच पोहोचतो. तो मेंदूतच राहतो आणि मेंदूभर फिरतो. त्यासाठी पेशीला तीन कामे करावी लागतात : पुढची जाळी कापणे, पुढे पकड घेणे आणि मागचे अंग ओढून घेणे.

कापण्याच्या कामाची कात्री प्रथम कोठे सापडली हे विद्यार्थ्यांना आवडेल. बेडकाचे पिल्लू मोठे होताना त्याची शेपटी नाहीशी होते. ती गळून पडत नाही, जागच्या जागी विरघळते. ही शेपटी विरघळविणारे विकर जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी १९६२ साली शोधले. पुढे त्याच घराण्यातील अनेक विकरे माणसात आढळली. बाळाच्या हाडांची घडण, जखमेवरची साफसफाई ही त्यांची कामे. त्यांतील क्रमांक २ आणि क्रमांक ९ ही ग्लिओब्लास्टोमात मोठ्या प्रमाणावर दिसतात. पुढची पकड घेण्यासाठी पेशीच्या आवरणावर सीडी-४४ आणि इंटिग्रिन ही आकड्यांसारखी प्रथिने असतात, आणि मागचे अंग ओढण्यासाठी मायोसिन : आपल्या स्नायूंत जे आकुंचन घडविते त्याच घराण्यातले. पेशीतील सर्वांत टणक भाग म्हणजे केंद्रक; तो चिंचोळ्या फटीतून पिळून पार करणे हे मायोसिनचे काम. सूक्ष्मदर्शकाखाली ही लांबोडकी केंद्रके तंतूंच्या दिशेने रांगेत लागलेली दिसतात तेव्हा, खरे सांगतो, त्या शिस्तीचा थोडा राग येतो.

कात्री बंद करणारे औषधही करून पाहिले गेले. आयुर्मानावर परिणाम झाला नाही. एका घराण्यात वीसहून अधिक कात्र्या असतील तर असेच होणार. शिवाय जी पेशी चालू लागते ती त्या काळात विभाजन मंदावते, असे प्रयोगांत दिसते; आणि किरणोपचार व बहुतेक औषधे विभागणाऱ्या पेशींवरच नेम धरतात. प्रवासी पेशी त्या माऱ्यातून निसटतात आणि मुक्कामी पोहोचल्यावर पुन्हा विभागू लागतात.

आता ज्या भागासाठी मी हे व्याख्यान द्यावयाचे ठरविले, त्याकडे वळतो. मेंदूला आपण अर्बुदाचा बळी समजत होतो. तो नकळत त्याचा पोशिंदाही असतो, हे गेल्या काही वर्षांत कळले आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मिशेल माँजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी ग्लिओमाच्या पेशी उंदरांच्या मेंदूत वाढविल्या आणि प्रकाशाच्या साहाय्याने तेथील चेतापेशी मुद्दाम चेतविल्या. चेतविलेल्या भागातील अर्बुद अधिक वाढले. २०१५ साली त्यांनी यामागील एक प्रमुख प्रथिन ओळखले : न्यूरोलिजिन-३. दोन चेतापेशींची जेथे गाठ पडते, त्या संधिस्थानाची जोडणी करणाऱ्या प्रथिनांपैकी हे एक. आपण काही शिकतो तेव्हा ही संधिस्थाने घडतात आणि पक्की होतात. चेतापेशी कार्यरत झाली की एक विकर या प्रथिनाचा तुकडा कापून बाहेर सोडते, आणि अर्बुदाची पेशी तो तुकडा वाढीचा निरोप म्हणून घेते. २०१७ साली याच गटाने दाखविले की ज्या उंदरांत हे प्रथिनच नाही, त्यांच्या मेंदूत टोचलेल्या मानवी ग्लिओमाची वाढ महिनोन्‌महिने खुंटते.

त्याच सुमारास जर्मनीत हायडेलबर्ग येथे फ्रांक व्हिंक्लर यांच्या गटास आणखी एक गोष्ट दिसली. अर्बुदाच्या पेशी आपल्या आवरणाच्या अतिशय बारीक, लांब नळ्या काढतात आणि त्यांनी एकमेकींना जोडून घेतात. नळी पुढे ढकलण्यासाठी त्या जीएपी-४३ वापरतात; हे प्रथिन गर्भावस्थेत चेतातंतूचे टोक पुढे वाढविते. जोडावर कॉनेक्सिन-४३ असते, जे दोन पेशींमध्ये खिडकी उघडते. एका पेशीला किरणांनी इजा झाली तर जाळ्यातील इतर पेशी तो आघात वाटून घेतात. हरळीची उपमा मी आधी दिली. ती येथे जवळजवळ शब्दशः खरी ठरते. पुढे २०१९ साली या दोन्ही गटांनी एकाच वेळी जाहीर केले की चेतापेशी अर्बुदाच्या पेशींशी प्रत्यक्ष संधिस्थाने जोडतात आणि त्यांतून विद्युत्‌संदेश अर्बुदात जातो. त्या संशोधनाच्या लेखकांत हम्सा वेंकटेश आणि वरुण वेंकटरामाणी ही नावे अग्रस्थानी आहेत; नावे आपल्या बाजूची वाटली म्हणून सांगितली. माँजे आणि व्हिंक्लर यांना २०२५ चे ‘ब्रेन प्राइझ’ मिळाले. संदेश घेणारा ग्राही अडविणारे एक जुने अपस्माराचे औषध या रोगात उपयोगी पडते का, हे पाहण्यासाठी चाचण्या हाती घेण्यात आल्या आहेत.

काही श्रोत्यांच्या मनात येथे शंका येईल : मग वाचन, गायन, विचार यांनी रोग वाढतो काय? असा अर्थ कृपया घेऊ नये. निरोगी माणसात यामुळे अर्बुद उत्पन्न होते असे कोणी दाखविलेले नाही, आणि रुग्णाने बोलणे-वाचणे थांबवावे असे कोणताही जाणता वैद्य सांगणार नाही. सर अखेरपर्यंत वर्तमानपत्र हातात धरीत. ते योग्यच होते.

बाहेरून मेंदूत आलेल्या कर्करोगाबद्दल एक परिच्छेद आवश्यक आहे, कारण प्रौढांच्या मेंदूत अशीच अर्बुदे संख्येने अधिक असतात. फुप्फुस, स्तन आणि त्वचेचा मेलॅनोमा ही त्यांची मुख्य उगमस्थाने. स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली बी आणि जमीन यांची उपमा दिली होती : बी सर्वत्र पडते, रुजते ते मानवेल त्या जमिनीत. मेंदूची जमीन खरे तर फार कठीण. रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना प्रथिनांच्या टाक्यांनी इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की बहुतेक औषधेही आत जात नाहीत. आत शिरलेल्या कर्कपेशींना मेंदूची तारकापेशी प्लास्मिन नावाच्या विकराच्या मार्गाने मारते. २०१४ साली न्यूयॉर्कमधील एका प्रयोगशाळेने दाखविले की जगतात त्या पेशी न्यूरोसर्पिन नावाचे प्रथिन तयार करून प्लास्मिनची निर्मितीच रोखतात. न्यूरोसर्पिन हे मूळचे कोणाचे? चेतापेशींचे. परका येतो तोही घरच्यासारखे कपडे घालून.

उपचारांत काहीच हाती लागले नाही, असे मात्र नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या युरोप-कॅनडातील ५७३ रुग्णांच्या चाचणीत किरणोपचाराला टेमोझोलोमाइडच्या गोळ्यांची जोड दिल्यावर निम्म्या रुग्णांनी गाठलेला काळ १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेला. दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्के झाले. हाच आजही उपचाराचा पाया आहे. गोळी अर्बुदाच्या जनुकद्रव्यावर एक लहानसा रासायनिक डाग पाडते. तो डाग काढणारे प्रथिन आपल्याच पेशींत असते, त्याचे नाव एमजीएमटी. हे प्रथिन डाग स्वतःच्या अंगावर घेते आणि निकामी होते : एका रेणूने एकच डाग काढायचा आणि संपून जायचे. काही रुग्णांच्या अर्बुदात या जनुकाच्या मुखावर मिथिलचे कुलूप बसलेले असते, एमजीएमटी तयार होत नाही, आणि गोळीचा डाग टिकतो. टेमोझोलोमाइड घेतलेल्यांपैकी अशा कुलूपबंद गटातील ४६ टक्के रुग्ण दोन वर्षे जगले. कुलूप नसलेल्या गटात सुमारे १४ टक्के. सर्व निरोगी पेशींचे रक्षण करणारे हे प्रथिन, आणि रुग्णाच्या दृष्टीने ते अर्बुदात नसलेले बरे.

दुसरे उदाहरण अधिक आशेचे आहे. २००८ साली काही ग्लिओमांमध्ये आयडीएच-१ या विकरात बदल आढळला. ४१४ अमिनो आम्लांच्या या शब्दात १३२ व्या स्थानावरील एकच अक्षर बदललेले. पुढच्या वर्षी कळले की या एका अक्षराने विकराला नवेच काम लागते : ते एक असा पदार्थ निर्माण करू लागते जो निरोगी पेशीत नगण्य असतो, आणि तो पदार्थ पेशीला परिपक्व होऊ देत नाही. येथे प्रथमच शत्रूपाशी त्याचे स्वतःचे असे काहीतरी होते, आणि म्हणून नेम धरता आला. व्होरासिडेनिब ही गोळी घेतलेल्या मंदगती ग्लिओमाच्या रुग्णांत रोग पुन्हा वाढेपर्यंतचा काळ ११.१ महिन्यांवरून २७.७ महिन्यांवर गेला, असे २०२३ साली ३३१ रुग्णांच्या चाचणीत दिसले, आणि २०२४ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. हा बदल प्रामुख्याने तरुण आणि मध्यमवयीन रुग्णांत सापडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार ज्या अर्बुदात हा बदल आहे त्याला आता ग्लिओब्लास्टोमा म्हणतच नाहीत.

सरांच्या अहवालाच्या दुसऱ्या पानावर दोन ओळी होत्या. आयडीएच-१ : बदल नाही. एमजीएमटी जनुकाचे मुख : मिथिलित नाही. म्हणजे सरांच्या अर्बुदात डाग काढणारे प्रथिन तयार होत होते, आणि गोळी जे बिघडवीत होती ते दुरुस्त होत होते. शस्त्रक्रियेच्या वेळी पसरून गेलेल्या पेशी त्यामुळे टिकल्या, शेजारच्या चेतापेशींचे निरोप घेत राहिल्या, आणि सातव्या महिन्यात चित्रात दिसण्याइतक्या झाल्या. ती उगवली येथून, सर. तो अहवाल मी २०१७ सालीच वाचला होता. तुम्ही विचारलेत त्या दिवशी या दोन ओळी मला पाठ होत्या.